मासेवाल्याच्या पाठीवरचा प्रवासी

विलारेहो, २ जानेवारी १९९९

प्रिय हिमेना,

चुलीतली राख काढून झाली होती, कोंबड्यांना दाणे टाकले होते, गोधडी खिडकीत वाळत घातली होती आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने मी दगडी डोणीतला बर्फ फोडत होते. गेल्या सोमवारची सकाळ. सोमवारी मी सगळं नऊच्या आत उरकते, कारण नऊला मासेवाला मेल्चोर गाडी घेऊन चौकात येतो आणि भोंगा वाजवतो. त्या दिवशी भोंग्याच्या आधी टपालवाली आली. अर्जेंटिनाचं तिकीट पाहून मी हात पुसले आणि पाकीट उभ्या उभ्याच फोडलं.

आत तुझा माणूस. जाड कागदाचा, वीतभर उंच, निळी पँट, तीन बटणं, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा. सोबत चिठ्ठी नव्हती. तुझं पत्र वेगळं, ते परवा ३१ तारखेला आलं. माणसं तुमच्या बाईंनी शाळेतून टाकली आणि पत्रं तुम्ही मुलांनी आपापल्या घरून, हे त्यात वाचलं तेव्हा मला कळलं.

तू लिहितेस की सुट्टीत त्याला इथलं रान आणि शहर दोन्ही दाखवायचं, त्याने काय पाहिलं ते लिहायचं, आणि आठ मार्चला शाळा उघडेल तेव्हा तो वर्गात परत हवा. आणि त्याच्या पाठीवर तू नाव लिहिलं आहेस, आन्सेल्मो. माझ्या नवऱ्याचं. "आजोबांचा भाऊ कधी कुठे गेला नाही, म्हणून आता जाऊ दे," असं तू लिहिलंस. ते मी दोनदा वाचलं.

तर तो चांगला आहे. माझ्या ओट्यावर थोडा वेळ बसला. सध्या तो सारागोसा शहरात गेला आहे. ज्याच्यासोबत गेला त्या माणसाला मी सव्वीस वर्षं ओळखते. मुक्काम किती दिवसांचा ते आज सांगता येत नाही. थंडी वाजते का, असं तू विचारलंस. तो जिथे आहे तिथे जाड लोकरीचा आधार आहे.

सोबत एक घडी घातलेला कागद आहे, तो आजोबांना दे. उघडू नकोस.

तुझी
विसी आजी

*

(घडी घातलेला कागद. वर लिहिलेलं: फक्त रामोनसाठी)

रामोन,

हे पोरीला दाखवू नकोस. मी काय करून बसले ते तुलाच सांगते.

अठ्ठावीस डिसेंबरला तुझं पाकीट आलं. अठ्ठावीसला आपल्या गावात काय करतात ते तू विसरला नसशील, कारण सगळ्यात जास्त ते तूच करायचास. कागदाची माणसं कापायची, टाचणी घ्यायची आणि दिसेल त्याच्या पाठीला गुपचूप टाचायचं. ज्याला टाचलं त्याला कुणी सांगायचं नाही, तो दिवसभर गावातून हसं करून घेत फिरतो. पाद्रीबाबांच्या झग्याला तू सलग तीन वर्षं टाचलास. तर त्याच दिवशी, चिठ्ठीशिवाय, तुझ्या गावाहून कागदाचा माणूस. मला काय वाटणार? म्हटलं, म्हातारा झाला तरी याची खोड जात नाही, समुद्रापलीकडून टाचणी मारतोय. मी हसले, रामोन. आन्सेल्मो गेल्यापासून एकटीने मोठ्याने हसले नव्हते.

मग भोंगा वाजला. मेल्चोरची ही शेवटची फेरी होती. सगळ्या गावांच्या फेऱ्या बंद करतोय, नवीन वर्षापासून फक्त सारागोसाच्या बाजारातल्या गाळ्यावर बसणार. आम्ही आता सतरा जण उरलोय, सतरा माणसांसाठी कोण घाट चढेल? मी त्याच नादात होते. तो खोक्यावर वाकून तारल्या मोजत होता, शेजारची फेलिसा त्याच्याशी बोलत होती. मी मागून गेले आणि टाचला. फेलिसाने पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. मेल्चोरने सगळ्यांशी हात मिळवले, गाडीत बसला, गेला. पाठीवर तो.

नाव मागच्या बाजूला होतं. मी ती बाजू पाहिलीच नाही. तीन दिवसांनी पोरीचं पत्र आलं तेव्हा कळलं की मी आन्सेल्मोला पुन्हा एकदा शहराकडे रवाना केलंय.

मेल्चोरचा फोन नंबर माझ्याकडे नाही. बाजारात त्याचा गाळा आहे एवढंच ठाऊक. मी त्या शहरात पाय ठेवणार नाही हे तुला माहीत आहे. काय करू, सांग.

विसी

*

रोसारिओ, १४ जानेवारी १९९९

प्रिय विसी आजी,

तुझं पत्र मिळालं आणि घडी घातलेला कागदही मिळाला. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्यांची सगळी पत्रं मीच वाचून दाखवते. "हे पोरीला दाखवू नकोस" हे पण मीच मोठ्याने वाचलं. मग मी थांबले आणि विचारलं, पुढे वाचू का? ते म्हणाले, आता काय उपयोग थांबून.

आधी मी रडले. आईला वाटलं पडले. मग आजोबा एवढे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि त्यांची पाठ चोळायला मला रडणं बंद करावं लागलं. मी रागावलेली नाही. म्हणजे थोडी आहे. तू लोकरीचा आधार लिहिलंस ते कोटाबद्दल होतं, हो ना? हे खोटं नाही पण खरंपण नाही. आमच्या बाई याला "अर्धी भाकरी" म्हणतात.

मी बाईंना काही सांगितलेलं नाही. ज्यांची माणसं परत आली नाहीत त्यांच्या नावापुढे नकाशावर रिकामी चौकट राहते. ब्रुनोचा माणूस ब्राझीलला जाऊन आला, त्याच्या खिशात शिंपला आहे आणि ब्रुनो तो सगळ्यांना पंधरा पंधरा वेळा दाखवतो.

आता आजोबा सांगतात ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यांनी तशी शपथ घातली आहे.

"विसी, तू गाढव आहेस. तारीख मोजून मीच टपालात टाकायला सांगितलं असतं, तरी ती इतकी अचूक पडली नसती. ऐक. पोरीला मी सांगितलं होतं की माणूस पाठव, पण कारण सांगितलं नव्हतं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, विमानात मला डॉक्टर बसू देत नाहीत. मी माझ्या भावाच्या मातीला येऊ शकलो नाही. म्हटलं, कागदाचा का होईना, कुणीतरी आमच्या खळ्यावर उभं राहून मला येऊन सांगू दे की खळं अजून आहे. खळ्याच्या कडेच्या दगडांतला मधला दगड सैल होता, त्याखाली आम्ही दोघं गोट्या लपवायचो. तो दगड बघ. पण आधी माणूस आण. तुला मी जा म्हणणार नाही. तू अकरा दिवस त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलीस हे मला फेलिसाने लिहिलं होतं, तू नाही लिहिलंस. जायचं की नाही ते तू ठरव. पोरीची समजूत मी घालीन."

आजी, माझी समजूत घालता येणार नाही असं मी आजोबांना सांगितलं आहे. पण तुला शहरात जायची भीती वाटत असेल तर सांग. मला पोहायच्या टाकीची वाटते.

तुझी
हिमेना

*

विलारेहो, १ फेब्रुवारी १९९९

प्रिय हिमेना,

भीती नव्हती. मला वाटायचं की ते शहर आन्सेल्मोला घेऊन बसलंय, तर त्याच्या दारात आपण कशाला जायचं. पण तुझं पत्र वाचलं आणि लक्षात आलं की तुझ्या वर्गातल्या रिकाम्या चौकटीला मी जबाबदार आहे. मेल्चोरला नाही, टपालाला नाही. मग शुक्रवारी पहाटेची बस धरली. फेलिसा मला सोडायला थांब्यापर्यंत आली आणि म्हणाली, "कागदासाठी चाललीस ना? मग परत ये. नाहीतर मी एकटी राहिले या गल्लीत, आणि मला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो."

आता अर्धी भाकरी नाही, पूर्ण सांगते.

तीन तासांनी उतरले आणि विचारत विचारत बाजारापर्यंत आले, तर सगळे दरवाजे बंद. एकही गाळा उघडा नाही. एक झाडूवाली होती. म्हटलं, "मासे कुठे मिळतील?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, आज सान वालेरो! आज सारागोसात मासा पण सुट्टीवर असतो." एकोणतीस जानेवारी, या शहराच्या संताचा दिवस. लहानपणी आम्ही त्याच्या वाऱ्याच्या आणि गोड पावाच्या म्हणी म्हणायचो, आणि मी ती तारीख सरळ विसरले. दीड वर्ष मी कॅलेंडरकडे फक्त एकाच तारखेसाठी बघत आलेय.

झाडूवालीला माझी दया आली असावी. म्हणाली, "गाळेवाले सगळे माता पिलारच्या देवळासमोरच्या चौकात असतील. तिथे महापालिका फुकट गोड पाव वाटते, आणि फुकटाला मासेवाले सगळ्यात पुढे."

रांग म्हणजे अख्खा चौक. हजारो माणसं, आणि वारा असा की टोप्या स्वतःहून फिरायला निघालेल्या. मेल्चोरचा चेहरा एवढ्या गर्दीत मी कसा शोधणार? मग आठवलं की मी त्याचा चेहरा नाही, पाठ शोधायला आलेय. त्या तपकिरी कोटाची पाठ मला पाठ आहे. उजवा खांदा जरा उतरलेला, खोकी उचलून उचलून. रांगेच्या कडेने मी फक्त पाठी बघत गेले. लोकांना वाटलं मी घुसतेय. एक बाई म्हणाली, "आजी, रांग तिकडे संपते." मी म्हटलं, "माझी इथे सुरू होते," कारण समोर तो कोट होता, आणि खांद्यांच्या मध्ये टाचणीची दोन बारीक भोकं.

मी बोट लावलं. तो वळला.

"विसी! तू? इथे?" मग डोळे बारीक केले. "थांब. तूच होतीस तर ती."

हिमेना, तुझा माणूस काय काय फिरला ते ऐक. आमच्या गावानंतर मेल्चोर त्या दिवशी आणखी चार गावांत गेला. चारही ठिकाणी त्याच्या पाठीवर तुझा आन्सेल्मो. कुणी सांगितलं नाही, सांगायचं नसतं ना. तिसऱ्या गावातल्या खानावळीत लोक विचारायला लागले, "मेल्चोर, तुझा जोडीदार काय घेणार?" तो म्हणे, सकाळी अकरा वाजता प्यायलेत की काय हे. पाचव्या गावात एका आजोबांनी त्याच्या पाठीशी हात मिळवला. घाटातल्या वळणांवर त्याने गाडी थांबवून शेवटचं सगळं पाहून घेतलं, आणि तुझा माणूस उलट्या तोंडाने, मागे राहिलेलं पाहत होता. घरी कोट काढला तेव्हा त्याची बायको पुरी म्हणाली, "हा कोण पाहुणा आणलास?"

मी म्हटलं, "तो मला परत हवा, मेल्चोर." आणि सगळं सांगितलं.

त्याने टोपी कानांवर ओढली. मग म्हणाला, "सव्वीस वर्षं मी त्या गावांना मासे नेले, विसी. शेवटच्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. हात मिळवला, संपलं. संध्याकाळी पाठीवर हा सापडला तेव्हा मला वाटलं, चला, निरोप दिला यांनी. मी त्याला चुलीच्या वर लावलाय. तू आता तोही न्यायला आलीस."

 मग जे खरं होतं तेच बोलले. म्हटलं, "मेल्चोर, मी वाचायला कशावर शिकले माहीत आहे? तू ज्या वर्तमानपत्रात मासे गुंडाळायचास त्यावर. आन्सेल्मोने दोन महिने अक्षरं दाखवली, पुढचं मी तुझ्या ओल्या कागदांवर केलं. तो चिडवायचा, 'विसी, मासा धू, बातम्या नंतर.' त्या वेळी टाचला तो निरोप नव्हता, थट्टा होती. निरोप हा आत्ता देतेय."

त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "चल घरी. पुरी ओरडेल, पण जेवायला घालेल."

पुरी ओरडली आणि जेवायला घातलं. खारवलेल्या कॉड माशाची बटाट्यातली भाजी, वर गोड पाव. तुझा आन्सेल्मो चुलीच्या वरच्या फरशीवर होता, थोडा तेलकट. पुरीने त्याला माझ्या हाती द्यायच्या आधी मासे गुंडाळायच्या जाड कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली, कान मोठा-छोटा तस्साच. आता तिच्या चुलीवर त्याचा जुळा आहे. गोड पावात चिनी मातीची एक छोटी बाहुली लपवलेली असते आणि एक वाल. माझ्या तुकड्यात दोन्ही आलं. वाल ज्याला येतो त्याने पुढच्या सान वालेरोला पाव आणायचा असतो. पुरी म्हणाली, "कबूल?" मी म्हटलं, "कबूल." तोंडातून गेलं, मग कळलं मी काय कबूल केलं. बाहुली तुला पाठवतेय. ब्रुनोला पंधरा वेळा दाखव.

शहर दाखवायचं म्हणून मी त्याला नदीवरच्या दगडी पुलावर नेलं. वाऱ्याने त्याला उचललाच होता, मी दोन बोटांनी त्याचा पाय धरून ठेवला. माता पिलारच्या देवळात नेलं. तिथे लहान लेकरांना वेदीवर नेऊन मातेच्या झग्याखालून काढतात. मी तिथल्या सेवकाला विचारलं, याला काढाल का. त्याने विचारलं, "वय?" म्हटलं, "तीन महिने." त्याने त्याला घेतलं, कपाळ झग्याला टेकवलं आणि परत दिलं, हसला देखील नाही. मला तो माणूस फार आवडला.

आणि मग दवाखान्याबाहेरच्या बाकावर गेले. आजोबांना सांग, गेले. बाक तोच, रंग नवा. तिथे बसून पुरीने बांधून दिलेल्या पावाचा तुकडा खाल्ला. आन्सेल्मोला मांडीवर ठेवला होता. अर्धा तास बसले असेन. काही झालं नाही. एक तरुण मुलगी येऊन शेजारी बसली, तिचं आत कुणीतरी होतं. मी तिला अर्धा पाव दिला. ती म्हणाली, "हा तुमच्या नातवाचा?" मी म्हटलं, "नाही, नवरा." आणि दोघी हसलो, ती रडत रडत.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, खिडकीच्या बाजूला. गेल्या वेळी या रस्त्याने मी पुढच्या गाडीत होते आणि तो मागच्या, शवपेटीत.

शनिवार-रविवार त्याला रान दाखवलं. झरा, कबुतरांचा मनोरा, फेलिसाच्या मेंढ्या. डाव्या पायाचा कोपरा नाही, तो मेंढीने खाल्ला. मी बघत होते तरी खाल्ला, हेही सांगून टाकते. मग खळं. रामोन, खळं आहे. गवत उगवलंय, पण दगड जागच्या जागी. मधला सैल दगड मी पहारीने उचलला. खाली तीन गोट्या होत्या आणि एक गंजलेलं बटण. मी ते तिथेच राहू दिलं. तो दगड उचलायचा तुझा हक्क आहे, माझा नाही.

त्याला उद्या टपालात टाकते. वास येईल. मासे आणि धूर, आणखी काही नाही.

विसी आजी

*

रोसारिओ, १६ फेब्रुवारी १९९९

प्रिय विसी आजी,

आला! आठ मार्चला अजून वीस दिवस आहेत. आईने पाकीट उघडायच्या आधी विचारलं, "यात कोळंबी आहे का?" मी त्याला धुणार नाही. वास हाच त्याचा शिंपला आहे.

तुझं पत्र मी आजोबांना चार वेळा वाचून दाखवलं. गोट्यांपाशी ते दर वेळी थांब म्हणतात. बटण कुणाचं असं विचारलं तर म्हणाले, "पाद्रीबाबांचं." यापेक्षा जास्त सांगत नाहीत.

शाळेत मी सगळं खरं सांगणार आहे, मासेवाल्याचंसुद्धा. आजोबांना वाटतं बाईंना ते आवडेल. मला वाटतं ब्रुनोला आवडणार नाही.

आता महत्त्वाचं. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डोळा उघडल्यावर आजोबांनी पहिली गोष्ट मागितली ती कात्री. सोबतचा माणूस त्यांनी स्वतः कापलाय, मी फक्त रंगवला. टोपी त्यांची आहे, काठी त्यांची आहे, नाक त्यांनी जरा लहान केलंय. पाठीवर नाव आहे, तू आधी ती बाजू बघ! ते सांगतात ते लिहिते:

"विसी, पोराची सुट्टी संपली, आता माझी. परत पाठवायची घाई नाही. दगड उचलायचा माझा हक्क आहे म्हणालीस, तर मी आलोय. पण आधी माझ्या भावापाशी ने. आणि टाचणी जवळ आणलीस तर बघ."

तुझी
हिमेना

*

विलारेहो, ३ मार्च १९९९

प्रिय हिमेना, आणि रामोन (आता तू स्वतः वाचू शकतोस, म्हणून तुझ्यापासून लपवायचा कागद पोरीच्या हाती द्यावा लागेल),

पाकीट सोमवारी आलं. पाठ आधी पाहिली. नाक जरा नाही, बरंच लहान केलंयस.

त्याच दुपारी आपण आन्सेल्मोकडे गेलो. मी तुला त्याच्या थडग्याच्या दगडाला टेकून उभा केला आणि जरा लांब जाऊन थांबले, कारण भावाभावांच्या बोलण्यात बायकांनी पडू नये असं तुमची आई म्हणायची आणि ती एवढी एकच गोष्ट बरोबर म्हणायची. वारा नव्हता. तू पडला नाहीस. मग खळ्यावर गेलो, दगड उचलला. गोट्या तू पाहिल्यास. एक हिरवी, दोन मातीच्या. हिरवी तुझी होती की त्याची, ते पुढच्या पत्रात लिही. आन्सेल्मो नेहमी म्हणायचा की ती त्याची, आणि तू ती जिंकली नव्हतीस, चोरली होतीस.

घरी आले तर फेलिसा दारात. म्हणाली, "लेंटचे उपास सुरू आहेत, शुक्रवारी मांस नाही, आणि मेल्चोर गेल्यापासून या गावाने मासा पाहिलेला नाही. अंडी खाऊन खाऊन मला पिसं फुटतील." 

दुसऱ्या दिवशी मी राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, रामोनला कोटाच्या आतल्या खिशात घातलं, पहाटेच्या बसने सारागोसाला गेले आणि मेल्चोरच्या गाळ्यावरून सतरा जणांना पुरतील एवढ्या खारवलेल्या तारल्या घेऊन आले.

विसी